कॉनराड फाइट यांचे मूकपट कसे पाहावेत

जर्मन मूकपटांच्या काळातील नटांमध्ये कॉनराड फाइट यांच्याइतका चेहऱ्याने ओळखीचा आणि कामाने अनोळखी राहिलेला नट विरळाच. काळ्या घट्ट कपड्यांतला, डोळ्यांभोवती काळी वर्तुळे रंगवलेला त्यांचा निद्राचारी, म्हणजे झोपेत चालणारा माणूस, चित्रपटांवरील पुस्तकांतून सर्वत्र भेटतो आणि 'कॅसाब्लांका'मधील नाझी मेजरही पुष्कळांना आठवतो. परंतु १९१९ ते १९२८ या दहा वर्षांत त्यांनी मूकपटांत जे केले ते आपल्याकडे फारसे पाहिले जात नाही. हे काम क्रमाने आणि सवडीने पाहू इच्छिणाऱ्या वाचकासाठी पुढील मार्गदर्शन आहे. त्यासाठी जर्मन भाषा येण्याची गरज नाही. एक वही, चांगल्या प्रती शोधण्याची चिकाटी आणि आठवड्यातून एकदा दोन-अडीच तासांची निवांत बैठक एवढे पुरेसे आहे.

वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या आयुष्याचा ढोबळ आराखडा लिहून ठेवावा, कारण चित्रपट पाहताना त्याची वारंवार गरज पडते. फाइट यांचा जन्म २२ जानेवारी १८९३ रोजी बर्लिनमध्ये झाला. शाळेत त्यांनी चमक दाखवली नाही. नाटकाचे वेड मात्र लवकर लागले आणि माक्स राइनहार्ट यांच्या डॉइचेस थिएटर या नाट्यसंस्थेत त्यांना किरकोळ भूमिका मिळू लागल्या. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांची सैन्यात भरती झाली. पूर्व आघाडीवर ते कावीळ आणि न्यूमोनियाने आजारी पडले, बरे होत असताना आघाडीवरच्या सैनिकांसाठी चालणाऱ्या नाट्यपथकात काम करू लागले आणि १९१७ मध्ये सैन्यातून मुक्त होऊन पुन्हा राइनहार्ट यांच्याकडे आले. चित्रपटांत ते याच सुमारास शिरले. राइनहार्ट यांच्या रंगमंचावर अंधार आणि प्रकाशझोत यांना नटाइतकेच महत्त्व असे, आणि झोतात किती यायचे, किती मागे राहायचे याची फाइट यांना असलेली उपजत वाटावी अशी जाण तिथे घडलेली आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढे त्यांच्या प्रत्येक प्रवेशाकडे पाहण्याची दृष्टी मिळते.

यानंतरचे काम प्रती निवडण्याचे असून त्यात घाई करू नये. फाइट यांचा अभिनय डोळ्यांच्या आणि बोटांच्या बारीक हालचालींवर उभा आहे. त्यामुळे खराब प्रतीत इतर नटांपेक्षा त्यांचे नुकसान अधिक होते. प्रतीवरून प्रत काढत गेलेल्या चित्रपटात चेहरा पांढराफटक पडतो आणि नजर दिसेनाशी होते. मूकपटांचे कॅमेरे हाताने फिरवले जात असल्याने चित्रणाचा वेग सेकंदाला साधारण १६ ते २४ चौकटींच्या दरम्यान बदलत असे. असा चित्रपट पुढील काळातील २४ चौकटींच्या ठरीव वेगाने चालवला की माणसे तुरुतुरु धावू लागतात आणि फाइट यांचा संथपणा, जो त्यांच्या कलेचा कणा आहे, पूर्णपणे हरवतो. म्हणून कोणताही मूकपट लावण्यापूर्वी त्याची लांबी तपासावी. पुढे येणाऱ्या 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी'ची नीट पुनरुज्जीवित केलेली प्रत सुमारे सव्वा तासाची आहे. कुणी तो पाऊण तासात संपवत असेल तर ती प्रत बाजूला ठेवावी. रंगछटाही पाहाव्यात. त्या काळी रात्रीच्या दृश्यांना निळी आणि घरातील दृश्यांना पिवळसर छटा देण्याचा प्रघात होता, आणि निव्वळ काळ्यापांढऱ्या प्रतीत कित्येकदा रात्र आणि दिवस यांतला फरकच कळत नाही. त्या काळची फिल्म निळ्या रंगाला फार संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी होती, हेही सोबत टिपून ठेवावे. फाइट यांचे निळे डोळे त्यामुळे पडद्यावर विलक्षण फिकट दिसतात आणि लाल ओठ गडद होतात. ज्या नजरेला पुष्कळ जण केवळ भुताटकीची नजर समजतात, तिच्यात या रसायनाचाही वाटा आहे.

सुरुवात 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी'नेच करावी. रोबर्ट वीने यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २६ फेब्रुवारी १९२० रोजी बर्लिनच्या मार्मोरहाउस चित्रपटगृहात प्रथम दाखवला गेला. जुने जर्मन चित्रपट जतन करणाऱ्या, वीस्बाडेन येथील मुर्नाऊ प्रतिष्ठानाने मूळ कॅमेरा-निगेटिव्हवरून तयार केलेली आणि २०१४ मध्ये बर्लिन महोत्सवात दाखवलेली प्रत मिळवावी. पहिल्या खेपेला सगळे लक्ष हेरमान वार्म, वाल्टर राइमान आणि वाल्टर र्‍योरिश यांच्या वाकड्यातिकड्या नेपथ्याकडे आणि भिंतीवर रंगवलेल्या सावल्यांकडे जाते, आणि ते जाऊ द्यावे. दुसऱ्या खेपेला आवाज बंद करून फक्त फाइट जिथे आहेत तेवढी दृश्ये पाहावीत. पेटी उघडल्यावर डॉक्टर कॅलिगरी आपल्या ताब्यातल्या चेझारे या निद्राचाऱ्याला जागे होण्याची आज्ञा देतो तेव्हा समीपदृश्यात आधी नाकपुड्या आणि ओठ किंचित हलतात, पापण्या थरथरतात आणि मग डोळे अतिशय सावकाश पूर्ण उघडतात. जागे होण्याची इच्छा जिच्यात नाही अशा माणसाला जागे केले जात आहे, हे एकही शब्द न उच्चारता तिथे कळते. नंतर तो भिंतीला अंग घासत तरुणीच्या खोलीकडे जातो तेव्हा हात भिंतीवरून सरकत राहतात आणि देह रंगवलेल्या रेषांचाच एक भाग होतो. इतर नट या नेपथ्यासमोर उभे आहेत. फाइट आणि कॅलिगरी झालेले व्हेर्नर क्राउस हे दोघेच त्या नेपथ्यात राहतात. शेवटी वेड्यांच्या इस्पितळात हाच चेझारे एक फूल कुरवाळत शांत उभा दिसतो. हे दृश्य क्षणभराचे असल्याने घाईने पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटते, आणि संपूर्ण भूमिकेची कोवळीक तर तिथेच उघड होते.

येथे वहीत एक प्रश्न लिहावा आणि पुढील प्रत्येक चित्रपटाला तो विचारावा : या माणसाच्या शरीरावर सत्ता कुणाची आहे? फाइट यांना भयपटांचा नट म्हणून कोपऱ्यात बसवणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यांच्या मोठ्या भूमिकांचा धागा भयाचा नसून स्वतःच्या देहावरचा, चेहऱ्यावरचा किंवा नावावरचा हक्क गमावलेल्या माणसाचा आहे. तो धागा हाती आला की वरवर विखुरलेले चित्रपट एकमेकांशी बोलू लागतात.

तो सर्वांत स्पष्ट दिसतो तो वीने यांच्याच 'द हँड्स ऑफ ऑर्लाक' या १९२४ च्या चित्रपटात. हा ऑस्ट्रियात तयार झाला. रेल्वे अपघातात हात गमावलेल्या पियानोवादकाला शस्त्रक्रियेने एका खुन्याचे हात बसवले जातात आणि ते हात आपल्याला गुन्ह्याकडे ओढत आहेत अशी भीती त्याला ग्रासते. कथानक काही ठिकाणी रेंगाळते आणि शेवटचा उलगडा घाईचा आहे, हे मान्य करून पुढे जावे. पाहण्याची गोष्ट ही की फाइट हात पुढे धरून चालतात तेव्हा माणूस हातांना नेत नाही, हात माणसाला नेतात. खांद्यापासून मनगटापर्यंतचा भाग आणि मनगटाच्या पुढचा भाग जणू दोन वेगवेगळ्या माणसांचे आहेत अशी फारकत ते शरीरात करून दाखवतात. पत्नी जवळ येते तेव्हा ते तिला स्पर्श करू शकत नाहीत, आणि ही भीती कुठल्याही खुनापेक्षा अधिक जड आहे. एखादे दृश्य निवडून आधी केवळ हात आणि नंतर पुन्हा केवळ चेहरा पाहावा. दोन्ही वेळा वहीत काय उतरते याची तुलना करण्यासारखी असते.

यानंतर हेन्रिक गालेन यांचा १९२६ चा 'द स्टुडंट ऑफ प्राग' घ्यावा. याच कथेवर १९१३ मध्ये पाउल वेगेनर यांच्या भूमिकेचा चित्रपट येऊन गेला होता. प्रत मिळाली तर दोन्ही लागोपाठ पाहावेत, म्हणजे तेरा वर्षांत पडद्यावरचा अभिनय किती आत वळला ते कळते. बाल्डुइन हा गरीब विद्यार्थी संपत्तीच्या मोबदल्यात आरशातले आपले प्रतिबिंब विकतो आणि ते प्रतिबिंब आरशातून उतरून चालू लागते. ही करामत एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून साधली जात असे, म्हणजे नटाला समोर कुणीही नसताना स्वतःशीच प्रवेश करावा लागे. फाइट यांनी दोघांत फरक वेगाचा ठेवला. बाल्डुइन अस्वस्थ, धावता, हातवारे करणारा आहे आणि प्रतिबिंब कधीही घाई करत नाही. प्रतिबिंब विकत घेणाऱ्या स्कापिनेल्लीच्या भूमिकेत पुन्हा क्राउस आहेत.

पाउल लेनी यांनी अमेरिकेत, युनिव्हर्सल कंपनीसाठी केलेला 'द मॅन हू लाफ्स' (१९२८) या मालिकेचा कळस आहे आणि त्यासाठी एक पूर्ण संध्याकाळ राखून ठेवावी. व्हिक्टर ह्यूगो यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात लहानपणी राजाज्ञेने चेहरा विद्रूप केलेला ग्विनप्लेन जत्रेतला विदूषक होतो. तोंड कायमचे हसरे कापलेले असल्याने रडतानाही तो हसतो. रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी फाइट यांच्यासाठी कवळी तयार केली होती आणि तिला लावलेल्या आकड्यांनी ओठांचे कोपरे मागे ताणून धरले जात. ती घालून धड बोलता येत नसे, आणि मूकपटात बोलण्याची गरज नव्हती. नटाच्या हातून तोंड हे साधनच काढून घेतल्यावर उरतात डोळे, कपाळ आणि हात, आणि तेवढ्यावर त्यांनी लाज, प्रेम, अपमान आणि अभिमान हे सारे पेलले आहे. कोणत्या प्रसंगी तो हाताने किंवा वस्त्राने तोंड झाकतो आणि कोणत्या प्रसंगी झाकत नाही, याची नोंद ठेवत गेल्यास संपूर्ण भूमिकेचा आलेख तयार होतो. मेरी फिल्बिन यांनी साकारलेली डेआ आंधळी आहे, म्हणून तिच्यासमोर झाकण्याची गरज नसतानाही तो काय करतो ते विशेष पाहावे. १९४० मध्ये बॅटमनच्या चित्रकथांत अवतरलेल्या जोकरचा चेहरा या भूमिकेच्या छायाचित्रावरून सुचला हे प्रसिद्ध आहे, पण जोकर मनात ठेवून हा चित्रपट पाहू नये, कारण ग्विनप्लेन कुणालाही दुखवत नाही.

हे चार चित्रपट झाल्यावर मागे वळून १९१९ चा 'डिफरंट फ्रॉम द अदर्स' पाहावा. तो आधी पाहिला तर केवळ ऐतिहासिक दस्तऐवज वाटण्याचा संभव आहे. या टप्प्यावर मात्र तो आपल्या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर म्हणून समोर येतो. रिचर्ड ओसवाल्ड यांनी लैंगिकतेचे अभ्यासक डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांच्या साहाय्याने हा चित्रपट जर्मन दंडसंहितेच्या कलम १७५ विरुद्ध काढला होता. पुरुषांमधील समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे हे कलम खंडणीखोरांच्या हातातले हत्यार झाले होते. फाइट यांनी साकारलेले व्हायोलिनवादक पाउल क्यॉर्नर अशाच खंडणीखोराच्या जाळ्यात सापडतात, शिक्षा होते, मैफिली बंद होतात आणि ते जीव देतात. हिर्शफेल्ड स्वतः डॉक्टर म्हणून पडद्यावर येतात. येथे फाइट यांनी वेडेवाकडे काहीही केलेले नाही. ताठ कण्याचा, सभ्य, हळूहळू खचत जाणारा माणूस त्यांनी अत्यंत मोजक्या हालचालींत उभा केला आहे. कारकीर्द नुकती उभी राहत असताना अशी भूमिका स्वीकारायला केवढे धैर्य लागले असेल! पुढच्याच वर्षी सेन्सॉरचा कायदा आला आणि सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी या चित्रपटावर बंदी पडली. आज तो अपूर्ण आहे. गहाळ प्रसंगांच्या जागी पाट्या आणि स्थिरचित्रे घातलेली असतात. त्या पाट्या वगळून पुढे जाऊ नये, कथेचे बरेचसे दुवे त्यांतच आहेत.

उरलेल्यांपैकी लेनी यांच्या 'वॅक्सवर्क्स' (१९२४) मधला झार इव्हान अवश्य पाहावा. मृत्यूच्या भयाने वाळूचे घड्याळ पुन्हापुन्हा उलटे करणारा सत्ताधीश फाइट यांनी थोड्याच वेळात अविस्मरणीय केला आहे. दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या 'डेअर गांग इन डी नाख्ट'मध्ये ते आंधळे चित्रकार आहेत. मुर्नाऊ यांच्याच 'डेअर यानुसकोप्फ'मधील त्यांची दुहेरी भूमिका मात्र पाहता येत नाही, तो चित्रपट हरवला आहे.

भारतीय वाचकाने योए माय यांचा 'द इंडियन टूम्ब' हा १९२१ चा दोन भागांतला चित्रपट टाळू नये, मात्र तो पाहण्याची तयारी वेगळी हवी. थेआ फॉन हार्बू यांच्या कादंबरीवर त्यांनी आणि फ्रिट्स लांग यांनी पटकथा लिहिली, बर्लिनजवळ वोल्टर्सडोर्फ येथे मंदिरे आणि राजवाडे उभारले आणि भारतात पाऊलही न ठेवता भारत रंगवला. फाइट त्यात महाराजा आयन आहेत, ज्यांना आपल्या हयात पत्नीसाठी कबर बांधून हवी आहे. योगी, वाघ, मगरी आणि महाल यांनी भरलेला हा देश आपल्या ओळखीचा नाही आणि त्यावर संताप येणे स्वाभाविक आहे. तरीही महाराजांच्या भूमिकेत फाइट यांनी केलेली निश्चलता पाहण्यासारखी आहे : इतर पात्रे धावत असताना ते फक्त मान वळवतात. या चित्रपटानंतर चारच वर्षांनी म्युनिकच्या एमेल्का कंपनीने हिमांशु राय यांच्यासोबत 'द लाइट ऑफ एशिया'चे चित्रण प्रत्यक्ष भारतात केले, त्याचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन पुढे मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये आले, आणि छायालेखक योसेफ विर्शिंगही तिथेच होते. व्ही. शांताराम १९३३ मध्ये 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी जर्मनीत गेले होते. परतल्यानंतर पुण्यात काढलेल्या 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूचा पडदा व्यापणारा डोळा आहे. 'कॅलिगरी'तील चेझारेचे जागे होणे आणि हा डोळा एकाच दिवशी पाहावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

वहीत आणखी एक पान राखून ठेवावे आणि त्यावर प्रत्येक चित्रपटातील प्रमुख मंडळींची नावे व १९३३ नंतर त्यांचे काय झाले ते लिहीत जावे. हे पान भरताना मन जड होते, पण त्याशिवाय या नटाचे आयुष्य समजत नाही. बोलपट आल्यावर फाइट १९२९ मध्ये हॉलीवूडहून जर्मनीत परतले होते. नाझी सत्तेवर आल्यावर चित्रपटव्यवसायातील लोकांकडून वंशाची माहिती मागवली गेली तेव्हा स्वतः ज्यू नसतानाही त्यांनी फॉर्मवर 'ज्यू' असे लिहिले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. त्यांची पत्नी इलोना (लिली) प्रागर या ज्यू होत्या. १९३३ मध्येच दोघांनी जर्मनी सोडून इंग्लंड गाठले. वीने यांनीही देश सोडला आणि १९३८ मध्ये ते पॅरिसमध्ये वारले. ओसवाल्ड यांना पळावे लागले. हिर्शफेल्ड यांच्या लैंगिकतेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची मे १९३३ मध्ये लूट झाली, तिचे ग्रंथ जाळले गेले, आणि ते स्वतः दोन वर्षांनी फ्रान्समध्ये वारले. क्राउस मात्र जर्मनीतच राहिले.

येथे एका गोंधळापासून सावध राहावे लागते. फाइट यांनी इंग्लंडमध्ये १९३४ साली 'ज्यू स्यूस' या चित्रपटात प्रमुख भूमिका केली. तो ज्यूंच्या छळाविरुद्धचा चित्रपट होता. त्याच नावाचा, फाइट हार्लान यांनी दिग्दर्शित केलेला १९४० चा जर्मन चित्रपट हा ज्यूद्वेषाचा कुप्रसिद्ध प्रचारपट आहे. त्या प्रचारपटात क्राउस यांनी एकापेक्षा अधिक ज्यू पात्रे रंगवली. दिग्दर्शकाचे पहिले नाव आणि आपल्या नटाचे आडनाव देवनागरीत सारखेच दिसत असल्याने इंटरनेटवर शोध घेताना वर्ष आणि देश पाहिल्यावाचून कोणतीही प्रत उघडू नये. 'कॅलिगरी'तले मालक आणि निद्राचारी अवघ्या चौदा-वीस वर्षांत कुठे पोहोचले हे या दोन चित्रपटांच्या तारखाच सांगतात.

मूकपटांचा क्रम पूर्ण झाल्यावर बोलपट हवे तितके पाहावेत. किमान १९४० चा 'द थीफ ऑफ बगदाद' पाहावा, ज्यात म्हैसूरचे साबू यांच्यासमोर फाइट दुष्ट वजीर जाफर आहेत आणि ते निळे डोळे प्रथमच रंगीत फिल्मवर दिसतात. १९४२ च्या 'कॅसाब्लांका'त, ज्या राजवटीपासून पळून ते आले तिच्याच अधिकाऱ्याचा गणवेश त्यांनी चढवला. ३ एप्रिल १९४३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये गोल्फ खेळत असताना हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

प्रतींच्या शोधासाठी चित्रपटाचे इंग्रजी आणि मूळ जर्मन अशी दोन्ही नावे वापरावीत, कारण चांगल्या प्रती बहुधा जर्मन नावाखाली सापडतात. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी पुणे व मुंबई येथील मॅक्स म्युलर भवनाच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवावे आणि वाचनासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयाचा उपयोग करावा. इटलीत पोर्देनोने येथे दर शरद ऋतूत मूकपटांचा आणि बोलोन्या येथे दर उन्हाळ्यात पुनरुज्जीवित चित्रपटांचा महोत्सव भरतो. या दोहोंच्या कार्यक्रमपत्रिका इंटरनेटवर उपलब्ध असतात. त्या दरवर्षी चाळून फाइट यांच्या एखाद्या चित्रपटाची नवी प्रत दाखवली गेली आहे का ते पाहावे, आणि तशी ती आढळली तर जुन्या प्रतीवरून केलेली आपली टिपणे नव्या प्रतीशी ताडून दुरुस्त करावीत.